मुकादमचाचांचा प्रश्न

नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणी तापानं पडलं की डॉक्टरच्या आधी मुकादमचाचा हजर व्हायचे आणि विचारायचे, “बोला, मी कोण?” उत्तर मिळालं की जायचे. तासाभरानं पुन्हा बेल, पुन्हा तेच. माणसाला स्वतःच्या नावाचा इतका सोस असावा? मला तर त्यांचा रागच यायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चहूकडे इमारती उठत होत्या, बांधकामाच्या टाक्यांत डास आणि घरोघरी मलेरिया. चाचा तळोज्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, एकटे. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा येरझारा घालत प्यायचे, आणि तोंडी एकच विषय.

“जंतू रक्तात घुसतो, तांबड्या पेशी फोडतो, कबूल. पण ही आग त्याची नाय! त्याला मारायला आपलंच शरीर केमिकल सोडतं. हुडहुडी त्या केमिकलची, ताप पण त्याचाच. बेतानं सुटलं तर ठीक. व्हॉल्व उघडा राहिला की आपला प्लांट आपणच जाळतो!”

“गोळ्या घेतल्या की झालं ना, चाचा?”

“जंतू मेला म्हणून आग लगेच विझते काय?” असं म्हणत ते जिना उतरायचेसुद्धा.

मग माझी बायको, सुषमा, तापली. चाचांनी बेल वाजवून वाजवून जीव नकोसा केला. गोळ्या लागू पडल्या, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि बाई रंगात आल्या.

“वहिनी, मी कोण?”

तिनं मख्ख चेहऱ्यानं विचारलं, “कोण हो तुम्ही?”

चाचा चपला न घालताच धावले. खिडकीतून पाहतो तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून रिक्षा अडवतायत! मी धापा टाकत खाली गेलो.

“चाचा, थट्टा केली हो तिनं!”

ते गेटच्या पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“माझी बायको सलमा पण अशीच म्हणाली होती. ‘कोण तुम्ही?’ रिपोर्ट साफ होता. मला वाटलं, मस्करी करते. आग डोक्यात पोचली होती तिच्या. आणि मी हसलो, ड्यूटीवर गेलो.”

घरी सांगितलं, तर सुषमा रडायलाच लागली.

त्यानंतर सोसायटीत चाचांना तो प्रश्न विचारावाच लागला नाही. बेल वाजली की आतून, दात वाजत असले तरी, आधी हाक यायची, “मुकादमचाचा!”

ते दारातूनच मान हलवायचे आणि पुढच्या जिन्याला लागायचे.