अकरा मिनिटं कुणी हलू नका

"हललीस ना? गेलं! सात मिनिटं चढलं होतं, सगळं गेलं!" मामा ओरडला.

"मी शिंकले रे, नाचले नाही," ताई म्हणाली. "आणि आता ऐकून ठेव. रविवारी हे टेबल मला कापड बेतायला मोकळं पाहिजे. तुझा तो डबा भंगारात गेला तरी चालेल."

जी वस्तू बऱ्यापैकी चालते तिला सुधारायला घेणं हे शहाण्या माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. आणि मामा शहाणा होता. (हे त्याचं स्वतःचं मत. घरातल्या बाकी तिघांना विचारलेलं नाही.) आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर तो बहिणीकडे राहायला आला, तेव्हा सोबत एक सुटकेस होती आणि एक जुना कॉम्प्युटर. सुटकेस त्याने अजून उघडलेली नव्हती.

कॉम्प्युटर वहीएवढा. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा. मेमरी एक किलोबाइट. म्हणजे किती? तर दुकानातून काय काय आणायचं ते ताईने भावजींना सांगितलं, की भरली. साहजिकच विस्तार करणं भाग होतं. मामाने मागच्या बाजूला सोळा किलोबाइटची एक डबी खोचली. डबी सैल बसली. कोणी धपधप चाललं, दार आपटलं, की ती हलायची, सगळं पुसलं जायचं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून.

डबी घट्ट करण्यापेक्षा माणसं घट्ट करणं सोपं, हे मामाने ओळखलं. (मोठमोठी कार्यालयं याच तत्त्वावर चालतात.) त्याने भिंतीवर नियम लावले. कॅसेट चालू असताना बसलेल्याने उठू नये. उठलेल्याने बसू नये. भाचीने ड्रम वाजवणं सोडाच, त्याच्याकडे बघूसुद्धा नये. शिंक येणार असल्यास आगाऊ कळवावं.

प्रोग्राम मामाचाच होता. घरात माणसं चार, कामं चार: भांडी, केर, कपडे, कचरा. कोणाला काय, ते रोज संध्याकाळी मशीन चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. चढायला अकरा मिनिटं. तेवढा वेळ चौघंही फोटो काढायला बसल्यासारखे सोफ्यावर. शेवटी यादी आली, की ज्याच्या वाट्याला भांडी तो अक्षरशः पळत सिंककडे जायचा. हलायला मिळालं याचाच आनंद! सात महिन्यांत दोनशे बारा वाटपं झाली, तक्रारी शून्य. (भावजींनी एकदा "अं" म्हटलं होतं. ते खोकल्यात धरलं.)

पण आता ताईने रविवारची मुदत दिली होती. डबा गेला तर मामाकडे उरणार काय? न उघडलेली सुटकेस. तेव्हा ताईला हात जोडावे लागतील असं मशीन करायचं, असं त्याने ठरवलं. दोन दिवस जेवायलासुद्धा टेबलावरून उठला नाही. डबी कायमची काढली, नवी मेमरी आतच झाळून टाकली, कॅसेटच्या जागी नखाएवढं कार्ड बसवलं. गुरुवारी संध्याकाळी बटण दाबलं. चार सेकंद!

टीव्हीवर आलं: भांडी, भावजी.

"हॅ," भावजी म्हणाले. "परत लाव. चारच सेकंद तर लागतात."

मुद्दा बिनतोड होता. मामाने परत लावलं. भांडी, भाची.

"मी काल घासली! मामा, परत!"

परत लावलं. भांडी, ताई. यावर ताईने फक्त मामाकडे बघितलं. मामाने न सांगता परत लावलं.

गुरुवारी अर्ध्या तासात एक्केचाळीस याद्या निघाल्या. एक्केचाळीसही न्याय्य, पण मान्य एकही नाही. शुक्रवारी अडुसष्ट. मशीन एवढं वेगवान झालं की घरात कामच होईना. शनिवारी धुतलेले ग्लास संपले आणि भावजी फुलदाणीतून पाणी प्यायले.

रविवारी ताई खांद्यावर कापड आणि हातात कात्री घेऊन आली. मामा आधीच आवराआवर करत होता. एकच वायर त्याने तिसऱ्यांदा गुंडाळायला घेतली होती.

ताईने सिंककडे बघितलं. मग वायरकडे.

"ती डगडगणारी डबी टाकलीस का रे?"

"नाही. का?"

"बसव परत. कॅसेटपण."

"ताई, अगं ही प्रगती आहे. उलटं कसं जायचं?"

"मग काहीतरी मोठं नाव दे तिला. पण बसव."

मामाने नाव दिलं 'सुधारित आवृत्ती तीन'. तीन दिवसांचा ढीग लक्षात घेऊन अकरा मिनिटांची एकोणीस केली. ताई आता त्याच एकोणीस मिनिटांत जमिनीवर कापड बेतते. टेबल नको म्हणते, कारण त्या वेळात कापडावर कोणाचाच पाय पडत नाही. (कात्री चालवल्याने जमीन हलत नाही, याची रीतसर चाचणी झाली आहे.) परवा मामाने सुटकेस उघडली. आत आणखी दोन सैल डब्या निघाल्या.

हसा, खुशाल हसा. तुमच्या हातातलं मशीन तर पापणी लवायच्या आत चालू होतं. मग आज तुमच्याकडे भांडी कोणाच्या वाट्याला आहेत, ते सांगा बघू. लगेच सांगा. आठवत नाही? मग ती तुमच्याच वाट्याला असणार. आणि माझ्याकडे बघू नका, मला आत्ताच्या आत्ता निघायचंय.