मुन्शी बन्सीची रजा

मुन्शी बन्सीला लेक होऊन सहा महिने झाले होते आणि त्यानं ती अजून पाहिली नव्हती. बायको द्वारकाबाई सोयगावला माहेरी, हा औरंगाबादच्या कचेरीत निजाम सरकारचे उर्दू कागद उतरवत बसलेला. रजा मागायला तो तीनदा त्याच्या वरच्या फारूख साहेबांसमोर उभा राहिला. तिन्ही वेळा छाती धडधडली, जीभ टाळूला चिकटली आणि साहेबांनी "बोलो" म्हणताच तोंडातून निघालं, "हुजूर, अजून काही काम?"

काम मिळायचं. तिसऱ्यांदा तर अख्खा दप्तरखाना झाडायला मिळाला.

धुळीनं माखलेला बन्सी शहागंजात टांगेवाल्या युसूफजवळ येऊन बसला. "छाती लई उडते रं. हकीमाकडून तिला गप करायचं औषध आणू का?"

"येडा का मुन्शी?" युसूफनं घोडीच्या मानेवर थाप मारली. "ही बघ, निघायच्या आधी कशी थरथरते. भ्याली नाय, तयार झाली. तुझी छातीबी तयारच होती, तूच लगाम ओढून धरला. लांब श्वास सोड अन् चल म्हण."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारात छाती पुन्हा उडू लागली. बन्सीनं ती उडू दिली. डोळे मिटून लांब श्वास सोडला आणि पुटपुटला, "चल."

"कहाँ चलना है?" आतून साहेबांनी विचारलं.

सासऱ्याच्या आजारपणाची घोकून आणलेली थाप बन्सी विसरूनच गेला. "सोयगावला, हुजूर. लेकीचं तोंड पाहिलं नाय. बायकोची लई याद येते."

साहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांची बेगम दोन वर्षं हैदराबादेत होती. "बडे साब के सामने हमारी भी जबान नै खुलती, मियाँ," ते हळूच म्हणाले. "अब्बी दरवाजे पे क्या किये तुम?"

बन्सीनं घोडीची गोष्ट सांगितली. साहेब तडक उठले, बड्या साहेबांकडे गेले आणि महिन्याची रजा घेऊनच परतले. संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादला निघालेसुद्धा. जाताना घाईघाईत हुकूम खरडला: आम्ही परत येईपर्यंत मुन्शीनं कचेरी सोडू नये. तो सुवाच्य अक्षरात उतरवायचं कामही बन्सीकडेच आलं.

पाचव्या दिवशी त्याच्या खोलीपुढं बैलगाडी थांबली. द्वारकाबाई उतरली, कडेवर लेक. बन्सीनं हात पुढं केले. परका माणूस बघून लेकीनं भोकाड पसरलं. तो हात तसेच धरून उभा राहिला.

"एक रजा मागाया सहा महिने लागतात व्हय?" द्वारकाबाई म्हणाली.

"पर तुला कसं सोडलं घरच्यांनी?"

"मी कुठं कुणाला विचारलं?"