हिरवा अंबाडा

गुडघेदुखीवर पोहण्याचा उपाय डॉक्टरांनी सुचवला आणि मी तो मान्य केला, एवढाच या प्रकरणातला माझा निर्णय. पुढे जे घडले त्याला निर्णय म्हणता येणार नाही.

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आमच्या घराजवळ तरणतलाव आहे. तिथल्या सकाळच्या महिलांच्या तुकडीत सर्वांत ज्येष्ठ मीच. थोड्याच दिवसांत मला पाण्यावर उताणे तरंगता येऊ लागले. (आर्किमिडीजचे तत्त्व मी निवृत्त होईपर्यंत शिकवले, ते शिक्षिकांनाही लागू पडते, हे तेव्हा कळले.) गुडघ्यांची कुरकूर थांबली. वर आभाळ, कानांत पाणी आणि कुणाचेही बोलणे ऐकू येत नाही. याहून मोठे सुख मला गृहस्थाश्रमात मिळालेले नाही.

मग एके सकाळी चहाचा कप पुढे करताना आमची सून प्रणोती थबकली.

"आई, तुमचा अंबाडा हिरवा दिसून राहिला."

"'दिसतो आहे' म्हणावे."

"दिसतो आहे," प्रणोती म्हणाली.

आरशानेही सुनेचीच बाजू घेतली. ज्या पांढऱ्याशुभ्र केसांना मी कधी कलप लावू दिला नाही आणि ज्यांचा मला (माफक) अभिमान आहे, त्यांवर शेवाळी झाक आली होती. हाताला ते केरसुणीसारखे लागत होते.

आमच्या यजमानांनी, म्हणजे विष्णुपंतांनी, तोफांच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्यांनी चष्मा वर करून निरीक्षण केले.

"फॅक्टरीत पितळेवर अस्सा थर चढायचा. चिंच लावून घासू का?"

खरे तर त्यांचे निदान अचूक होते. क्लोरिनने केस कोरडे पडतात. हिरवेपणा मात्र पाण्यातल्या तांब्याचा असतो. हे मी त्यांना अर्थातच सांगितले नाही.

अडचण अशी होती की पुढच्या महिन्यात माझ्या माजी विद्यार्थिनी माझा जाहीर सत्कार करणार होत्या. व्यासपीठ, हार, छायाचित्रे. प्रणोतीचे मत पडले, "आई, पोहणं सोडून द्या." पण ते आभाळ सोडायला मी तयार नव्हते आणि हिरव्या डोक्याने हार घालून घ्यायलाही नव्हते. उरला शाम्पू.

गढा भागातल्या भैयालालच्या दुकानात मी हिंदीत विचारले, "भैया, क्लोरीन से बाल बचाने वाला शैम्पू है?"

"है ना, दीदीजी. तैरता कौन है, पोती?"

"मैं."

भैयालालने माझ्या नऊवारीकडे एकदा पाहिले आणि शिडी लावून तो वरच्या फळीपर्यंत चढला.

प्रत्येक बाटलीवरचे घटक मी भिंगातून वाचले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, पण तांबे धरून ओढून काढणारे रसायन नेमके कोणते, याचे कुतूहल मला आवरेना. शेवटी निवड होईना, म्हणून सगळ्याच बाटल्या घेतल्या.

"एवढ्या काहून आणल्या? दुकान टाकून राहिली का?" विष्णुपंतांनी विचारले.

"प्रयोग आहे."

प्रयोग शास्त्रशुद्ध होता. काही दिवस एक शाम्पू, मग दुसरा. तुलनेसाठी उजव्या कानामागची एक बट शाम्पूविना राखीव. रोज उजेडात बट एकीकडे आणि उरलेले डोके दुसरीकडे धरून विष्णुपंतांना विचारायचे, फरक काय?

"काहीच नाही. दोन्ही हिरवं."

प्रत्येक बाटलीचा निष्कर्ष हाच. सत्कार जवळ आला तसा माझा संताप वाढला. ही शुद्ध फसवणूक होती आणि भगिनींना सावध करणे माझे कर्तव्य होते. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून मी तलावावर गेले आणि पायऱ्यांवर उभी राहिले. समोर पोहण्याच्या टोप्या घातलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांत माझी जुनी विद्यार्थिनी विनीताही होती. सत्काराची सगळी व्यवस्था तिच्याकडेच होती.

"यांचे दावे ऐका," असे म्हणून मी बाटलीवरचा मजकूर खड्या आवाजात वाचू लागले. "'पोहून बाहेर येताच केसांना लावून...'"

मी थांबले.

"मॅडम, पुढे?" विनीता म्हणाली.

"पुढे विशेष काही नाही."

"तुम्ही केव्हा लावून राहिल्या होत्या, मॅडम?"

आता जबलपूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. लहानपणापासून आम्ही ग्वारीघाटावर गेलो ते घरी स्वच्छ आंघोळ करून. नर्मदामाईत आपला मळ धुवायचा नसतो. आणि डुबकी मारून आल्यावर अंगावर नळाचे पाणी घ्यायचे नाही, पुण्य धुऊन जाते. तेव्हा मी रोज घरी शाम्पूने केस स्वच्छ धुऊन तलावात उतरत होते आणि बाहेर आल्यावर ते तसेच उन्हात वाळवत होते. (घटक मी भिंगातून वाचले, सूचना वाचल्या नाहीत. सूचना देण्यात आयुष्य गेल्यावर त्या वाचण्याची सवय राहत नाही.)

हे सगळे मी विनीताला सांगितले.

"मॅडम, हा तलाव आहे. इथलं पुण्य धुऊनच टाकायचं असतं जी."

त्या दिवसापासून क्रम उलटा केला. तांबे धरणारा तो शाम्पू प्रामाणिक निघाला आणि सत्काराच्या सकाळी माझा अंबाडा पुन्हा मोगऱ्यासारखा पांढरा झाला. मी ताठ मानेने व्यासपीठावर बसले. विनीताने हार घातला, नारळ दिला आणि शाल उलगडली.

शाल शेवाळी हिरव्या रंगाची होती.

"माफ करा, मॅडम," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "शाल आधीच घेऊन ठेवली होती. तुम्ही केस हौसेने रंगवले आहेत, असे आम्हा सगळ्यांना वाटले होते."

मी तिचे वाक्य मनातल्या मनात तपासले. त्यात एकही चूक नव्हती.