विशेतात्यांचं पंचिंग मशीन

शेजारच्या विशेतात्यांनी एकदा आमचा तेलाचा रिकामा डबा उचलून नेला, चिरून सपाट केला आणि कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन त्याच्यावर चालवलं. विचारण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. "तुझा डबा पेंडिंग पडला व्हता रे," एवढंच वरून सांगितलं.

भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकुनी करून तात्या शहापूरला राहायला आले, ते ऑफिसचं भंगार लिलावात घेऊनच. बिडाचं पंचिंग मशीन, लांब पात्याचं पेपर कटर आणि नकला काढायचा जड स्क्रूप्रेस. निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, यांनी पडवीत पत्र्याचा कारखाना काढला. कटरनं पत्रा कापायचा, प्रेसखाली दाबायचा, मशीननं भोकं पाडायची, कानशीनं कडा घासायच्या. म्हसा गावच्या जत्रेतून लोक घोंगडी आणतात, हे दोन कानशी घेऊन आले. चहा कायम निवलेला. बसा म्हटलं की, "टाइम नाय रे. काम पेंडिंग हाय!"

आणि बनायचं काय, तर बोटभर रुंदीच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या. मिठाच्या बरणीला एक भोक, साखरेच्या बरणीला दोन, चहाच्या डब्याला तीन. "तात्यांनी स्वयंपाकघराला फाइल लावली," असं मीच गल्लीभर सांगत सुटलो होतो.

मग कळलं, तात्यांच्या बायकोला, पारूकाकींना, काचबिंदू होता. नजर हळूहळू जाणार, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. माझी मलाच लाज वाटली. काकी मात्र हसत होत्या. "मला अजून दिसतंय की! पन यांना धीर नाय. दिसतंय तवर बोटांना शिकव म्हनतात."

रोज दुपारी परीक्षा. "डोळे मीट. हे काय?"

"साखर."

"बघून सांगितलंस! कॉपी करतेस गो!"

एका सकाळी माझ्याच दारावर ठकठक झाली. बघतो तर नुकत्याच रंगवलेल्या चौकटीवर तात्या चार भोकांची पट्टी ठोकत होते. मी भडकलो.

"ती तुझ्या बायकोकडं येते ना बसायला," तात्या म्हणाले. "उद्या भिंत चाचपत आली, तर दार कळाया नको?"

माझा राग जागच्या जागी विरला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग तुमच्या दाराला का नाही?"

"आमच्या दाराला कशाला? तिथं मी असतो की!"

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तात्यांच्या छातीत कळ आली. आठवड्यानं दवाखान्यातून परतले, रिक्षातून उतरले आणि घरात न जाता मला हाक मारली. "पडवीतली पट्टी आन रे. पाच भोकांची."

हातोडी मी घेतली आणि त्यांच्या दाराच्या चौकटीला पट्टी ठोकली.

"कोन हाय दारात?" आतून काकी.

"मीच गो."

"काय चाललंय?"

"काय नाय. एक काम पेंडिंग व्हतं."

मग तात्या पायरीवर बसले. काकींनी चाचपत चहा आणून दिला, तो त्यांनी गरम असतानाच संपवला.