नानांच्या रंगीत पट्ट्या

आमच्या शेजारचे नाना फक्त हिरव्या पट्टीत हसत. सकाळी पिवळी पट्टी, म्हणजे नाश्ता चालू असताना मी विनोद सांगितला, तर ते नुसती मान हलवत. संध्याकाळी हिरवी लागली, की कुंपणापाशी येऊन हसून जात. तोवर विनोद मीच विसरलेला असे.

नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले, मग जळगावात आमच्या कॉलनीत आल्यावर दिवसाचाच नकाशा काढला. बैठकीच्या भिंतीवर लांबलचक पुठ्ठा, त्यावर खळीने चिकटवलेल्या पतंगी कागदाच्या पट्ट्या. जितका वेळ, तितकी पट्टी रुंद. आत्ता आपण कुठे आहोत, हे दाखवायला वर कपड्यांचा एक चिमटा. तो नाना स्वतः पुढे सरकवत. सरकवला नाही तर सूर्य मावळायचा नाही, असा एकूण थाट.

"घड्याळ नुसती वेळ सांगतं हो भाऊ," ते म्हणत, "पुढे किती उरलीय, ते दिसतं का?"

झुरळांनी खळीच्या लोभाने जेवणाची पट्टी कुरतडली, तेव्हा हा गृहस्थ अर्धपोटी उठला. न कळवता येणाऱ्या पाहुण्याला, भर दुपारी येणाऱ्या नळाला, एकदा तर माझ्या शिंकेलाही त्यांचं एकच उत्तर होतं, "पट्टीत नाही."

नाना एकटे. धुळ्याची बहीण गेल्यावर तिची मुलगी शोभा त्यांच्याकडेच वाढली. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय आखूड. तिला बघायला बोदवडचे पाहुणे येणार ठरले, तेव्हा नानांनी त्या सकाळच्याही पट्ट्या कापल्या. पोह्यांची ऐसपैस, चहाची बेताची आणि प्रश्नांची लाल पट्टी अगदी दोऱ्याएवढी.

"नाना, यात मुलीचं नाव तरी विचारून होईल का?" मी म्हणालो.

"नाव त्यांना माहीत आहे."

पाहुणे आले, पोहे झाले. शेजारधर्म म्हणून मीही बसलो होतो. मुलाचे काका म्हणाले, "बेटा, जरा दारापर्यंत चालून दाखव."

शोभा उठायला लागली.

"बस, शोभा," नाना म्हणाले. "चालणं पट्टीत नाही."

पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उगाच हसलो.

"अहो, पण बघायला नको?"

"पाय आखूड आहे, हे मी आधीच कळवलंय. लपवलेलं काही नाही. चहा घ्या."

चहा कोणी घेतला नाही. त्यांना एकाएकी बस आठवली. ते गेल्यावर माझा मात्र संयम सुटला. "चांगलं स्थळ घालवलंत, नाना! तुमच्या पट्ट्यांपायी!"

"भाऊ, आजवर जे आले, त्या सगळ्यांनी तिला चालवलं," नाना म्हणाले. "दरवेळी तिचा पाय अडकू नये म्हणून मी आधी सतरंजी काढून ठेवायचो. आज काढली नाही."

मी खाली पाहिलं. सतरंजी अंथरलेली होती. मला फार लाज वाटली.

शोभा कपबशा गोळा करत होती. घरात मामा-भाची अहिराणीत बोलत. तिने विचारलं, "मामा, आते काय करानं?"

चिमटा मघापासून पोह्यांवरच होता. नानांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काहीच नही," ते म्हणाले आणि जरा सरकून तिला शेजारी जागा केली. "बठ मनाजोडे."