रुमालाखालचा मेळघाट

चंद्रभान वकिलाला मेळघाटातली सरकारी वकिलाची जागा हवी होती. ती का हवी होती हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको जमुना. तिसऱ्या माणसाला ते कळून चालणारच नव्हतं, कारण त्या तिसऱ्या माणसापासून दूर जाण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

हा तिसरा माणूस म्हणजे चंद्रभानचे सासरे नत्थुजी, अकोल्याच्या कापूसबाजारातले नामांकित दलाल. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ एकमेकांच्या उरावर बसले, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कालपरवापर्यंत अनवाणी फिरणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. नत्थुजींनी तर देवाला साकडंच घातलं होतं, "देवा, दोन्हीकडच्या फौजाइले सारखंच बळ दे. कोनी जितू नको, कोनी हारू नको."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चंद्रभानचं काम सोपं झालं असतं, भांडून वेगळं निघता आलं असतं. पण नत्थुजींचा जावयावर भारी जीव. एकुलती एक लेक डोळ्यांपुढे राहावी म्हणून त्यांनी मोर्शीकडचा हा शिकलेला, वकिलीची सनद असलेला, पण पाठीमागे कोणी नसलेला मुलगा शोधून घरजावई करून घेतला. ओसरीवर त्याच्यासाठी गादी-लोड मांडून दिला. पक्षकार येऊन त्या गादीसमोर बसला की शेजारी नत्थुजी येऊन बसत.

"काय भांडन हाये तुमचं?" ते विचारत. "बांधाचं? मंग त्याच्यात कोडतात कायले जाता? बोलाव त्या दुसऱ्याले."

दुसरा येई. नत्थुजी दोघांच्या मधे बसत, दोघांना पान देत आणि सांजेपर्यंत तडजोड करून टाकत. पक्षकार आशीर्वाद देत निघून जात आणि चंद्रभानची लेखणी कोरडीच राही. "पाह्यलं जवाई? तुमचं काम कसं हलकं केलं!" असं म्हणून ते मोठ्या समाधानानं आत जेवायला जात.

जमुनाचं दुःख निराळं होतं. घरात भाजी कोणती करायची ते बाप ठरवी आणि ती कशी करायची ते आई, पार्वताबाई ठरवी. "अवो, लग्न होऊन इतके दिवस झाले," ती एकदा नवऱ्याला म्हणाली, "माह्या हातची भाजी तुमी एकदा तरी खाल्ली का? मले माही चूल पायजे. कुठंबी मांडा, जंगलात मांडा, पन माही एकटीची पायजे."

आणि नेमकी जंगलातलीच जागा निघाली. उत्तरेला मेळघाटाच्या डोंगरात सरकारला वकील हवा होता. ताप, वाघ आणि पावसाळ्यात बंद होणारी वाट यांच्या भीतीनं तिथे कोणी जाईना. चंद्रभानला यातली प्रत्येक अडचण गुणासारखी वाटली. जिथे कोणी जात नाही तिथे सासरेही येणार नाहीत! त्यानं गुपचूप अर्ज धाडला आणि उमरावतीहून साहेबांच्या भेटीचं बोलावणं आलं.

आता उमरावतीला जायचं कसं? बैलांची दमणी होती, पण ती सासऱ्यांची. चंद्रभाननं एका दाव्याचं निमित्त सांगितलं.

"उमरावती?" नत्थुजी उठून बसले. "अरे वा! मलेबी तिथल्या बाजाराचा भाव पाह्याचाच होता. मीबी येतो."

झालं. मूर्तिजापूरपर्यंत चंद्रभान मान फिरवून वाटेवरची शेतंच मोजत बसला. तिथे बैल सोडले, नत्थुजी झाडाखाली आडवे झाले. ते घोरू लागल्याची खात्री करून चंद्रभान विहिरीच्या कट्ट्यावर गेला आणि साहेबापुढे द्यायच्या उत्तरांची हळू आवाजात तालीम करू लागला. "हुजूर, मेळघाटची जागा मिळाल्यास मी इमानेइतबारे..."

"कोनाची जागा?" मागून आवाज आला. दलालाची झोप ती, भावाचा नुसता सुगावा लागला तरी मोडायची.

मग काय, सांगावं लागलं. सासरे चिडतील, रडतील, दमणी मागे वळवतील अशी चंद्रभानची अटकळ होती. नत्थुजींनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचा चेहरा मात्र दुखावल्यासारखा झाला.

"जवाई, घरात दलाल असताना तुमी एकटेच सौदा कराले निघाले? साहेब काय भाव देते, किती दिवसाच्या बोलीनं देते, तुमाले काय समजते त्याच्यातलं? आता मी हावो ना संगं!" मग थोडा विचार करून ते म्हणाले, "पन मले एक सांगा. मेळघाटच काहून?"

"तशी... हवा चांगली आहे म्हणतात, मामाजी."

"हवा?" नत्थुजी थक्क झाले. "तिथून जो येते तो थंडीतापानं कुडकुडत येते!"

उमरावतीला पोचेपर्यंत त्यांनी हाच प्रश्न इतक्या प्रेमानं आणि इतक्या वेळा विचारला की चंद्रभानचं डोकं भणभणून गेलं. साहेबाची भीती राहिली बाजूला, या माणसाला दाराबाहेर कसं थोपवावं याचीच चिंता त्याला लागली. पण पट्टेवाल्यानं नाव पुकारलं तेव्हा नत्थुजी आपलं जरीकाठी पागोटं नीट करून त्याच्याही पुढे आत शिरले.

साहेब लालबुंद, उंच आणि नुकताच मेळघाटच्या तापातून उठलेला होता. बाजूला पुण्याकडचे शिरस्तेदार नाकावर चष्मा चढवून बसले होते. साहेबानं एकदा पागोट्याकडे, एकदा चंद्रभानच्या साध्या पगडीकडे पाहिलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तुम मेलघाट क्यों मांगता?"

बरोबर तोच प्रश्न! खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं, पण ते उत्तर शेजारीच उभं राहून कौतुकानं त्याच्याकडे पाहत होतं.

"हवा चांगली आहे, हुजूर," चंद्रभान म्हणाला.

शिरस्तेदारांना ठसका लागला. तापानं पोळलेला साहेब डोळे बारीक करून पाहू लागला.

"म्हणजे... मला जंगल आवडतं," चंद्रभाननं सावरायचा प्रयत्न केला.

"जंगल?" नत्थुजींना राहवलं नाही. "अवो जवाई, साहेबापुढं तरी खरं बोला! घरामांगच्या बाभळीत जायले तुमाले भेव लागते, अन जंगल आवडते म्हंता?"

"खून किया?" साहेबानं एकदम विचारलं. "कर्जा किया? किसका औरत भगाया? मेलघाट कोई खुशीसे नहीं जाता. तुम किससे भागता?"

आता काय सांगावं? चंद्रभानला कपाळावरचा घाम पुसावा की पाय धरावे तेच कळेना. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी धीर द्यावा तशी मान हलवली. तो पुन्हा साहेबाकडे वळला आणि पुन्हा हवेचंच काहीतरी पुटपुटला. इतका गोंधळ त्याचा उभ्या आयुष्यात झाला नव्हता. हा कुठला तरी फरारी दिसतो अशी साहेबाची खात्री पटली. तो उठला आणि भेट संपली हे दाखवायला, विलायती रीतीनं, निरोपाचा हात त्यानं पुढे केला. वयानं मोठे म्हणून नत्थुजींपुढे.

आणि इथेच घात झाला. नत्थुजींच्या धंद्यात कोणी असा हात पुढे केला की त्याचा अर्थ एकच, बोलणं संपलं, आता भाव सुरू. अकोल्यापासून अकोटापर्यंत कापसाचा प्रत्येक सौदा असाच होई. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना काही कळत नाही. नत्थुजींनी साहेबाचा हात धरला, खांद्यावरचा मोठा रुमाल झपकन त्यावर पसरला आणि जावयाच्या पगाराचा भाव म्हणून साहेबाची चार बोटं करकचून दाबली.

साहेब दचकला. त्यानं हात ओढला. ओढताना एक बोट जास्तीचं नत्थुजींच्या मुठीत आलं.

"अरे वा," नत्थुजी चंद्रभानच्या कानाशी लागले, "साहेब सोताच भाव वाढवून राह्यले!"

साहेबानं आणखी जोरात ओढलं. नत्थुजींच्या हिशेबी भाव आणखी वाढला.

"मामाजी, सोडा!" चंद्रभान रडकुंडीला आला. "तो निरोपाचा हात आहे!"

"गप बसा जवाई, सौद्याच्या मधात बोलू नोका."

शिरस्तेदार धावत आले. पट्टेवाला दाराशी आ वासून उभा राहिला. साहेब इंग्रजीत काहीतरी ओरडला, तेव्हा शिरस्तेदारांनी घाईघाईनं इंग्रजीतूनच खुलासा केला. हा हल्ला नव्हे हुजूर, इकडची बाजाराची रीत आहे, शब्द न बोलता हे लोक व्यवहार ठरवतात.

साहेबाचा हात एकदम थांबला.

"एक शब्द भी नहीं?" त्यानं विचारलं.

"एकही नाही, हुजूर. आणि ठरलं की मोडत नाहीत."

साहेबाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडू लागला. मेळघाटात त्याच्या कचेरीची कोण दशा चालली होती! कोरकू लोक आपल्या भाषेत बोलत, हवालदार हिंदुस्तानीत, वकील मराठीत, आणि साहेब लिहून घेई इंग्रजीत. निकाल लागे, पण काय लागला ते कोणालाच कळत नसे. आधीचे दोन वकील कलमं म्हणून दाखवत आणि ताप चढला की पळून जात. आणि इथे हा माणूस, भाषेचा गंध नसताना, भर कचेरीत साहेबाशी घासाघीस करत होता.

साहेबाला मौज वाटू लागली. त्यानं रुमालाखाली बोटं चाचपून पाहिली आणि आपल्या अंदाजानं तीन दाबली. नत्थुजींनी नाक मुरडलं आणि चार दाबली. साहेबानं पुन्हा तीन दाबून चौथं अर्धंच दाबलं. नत्थुजी खूश झाले, असा कसलेला गडी त्यांना बाजारातही फार दिवसांत भेटला नव्हता.

"पक्का?" साहेबानं विचारलं.

"पक्का!" नत्थुजींनी रुमाल उचलला आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. "झालं तुमचं काम! तुमाले जमलं असतं का हे?"

चंद्रभानच्या जिवात जीव आला. सासऱ्यांचा त्याला जन्मात पहिल्यांदा मनापासून अभिमान वाटला. हा माणूस आपल्याला स्वतःच्याच हातानं स्वतःपासून सोडवतो आहे! त्याचे डोळे भरून आले. तो वाकून साहेबाचे आभार मानणार, इतक्यात साहेब नत्थुजींना म्हणाला, "अच्छा. तुम कब जाता मेलघाट?"

"मी?" नत्थुजी हसले. "मी कायले जातो? जवाई जाईल."

शिरस्तेदारांनी चष्मा काढून पुसला. "अहो, साहेबांनी हात आपल्याला दिला. सौदा आपल्याशी झाला. सरकारी वकील म्हणून नेमणूक आपली. सनद साहेब स्वतः देतील."

"अवो पन मले वाचताबी येत नाई!"

"वो पढ़ेगा," साहेबानं चंद्रभानकडे बोट दाखवलं. "तुम्हारा मददगार."

नत्थुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं, पण रुमालाखाली पक्का झालेला सौदा नत्थुजींनी मोडला, ही बातमी त्यांच्या आधी अकोल्याला पोचली असती. मग बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. भाव पडला, आभाळ कोसळलं, तरी दिलेला शब्द त्यांनी आजवर फिरवला नव्हता.

"बरं," ते शेवटी खोल आवाजात म्हणाले. "झालं ते झालं."

परतीच्या वाटेवर पहिल्या दिवशी नत्थुजी रुमालाची घडी घालत आणि मोडत बसले. दुसऱ्या दिवशी नत्थुजींची कळी खुलू लागली. सरकारी वकील! बाजारात असा मान कोणाला मिळाला होता? बोरगावच्या पुढे आल्यावर तर ते गुणगुणायलाच लागले. चंद्रभानला मात्र आपण जिंकलो की हरलो ते उमजेना. जागा मिळाली होती, मेळघाट मिळाला होता, साहेबानं हाकललं नव्हतं. मागितलेलं सगळं पदरात पडलं होतं, आणि तरी त्याला गळा काढून रडावंसं वाटत होतं.

अकोल्यात दमणी थांबली तशी जमुना पदर सावरत बाहेर आली. बाप बैल सोडतो आहे असं पाहून तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"मेळघाटचीच?"

"मेळघाटचीच."

तिचा चेहरा असा फुलला की चंद्रभानला पुढचं सांगवेना. ती धावत आत गेली. दोन पातेली, एक तवा, एक पळी, तिनं कधीचीच बाजूला काढून ठेवलेली होती. ती फडक्यात बांधते आहे तोच अंगणात नवऱ्याशी बोलून आलेली तिची आई जिन्याखालून मोठा हंडा ओढत आली. अंगणातून नत्थुजींची हाक ऐकू आली.

"जमुने, लहान भांडी नोको घेऊ वो! सारेच चाललो आपन. म्या जवाईले सांगतलं, जंगलात दोन चुली कायले पायजे? एकच मांडू, मोठी!"

जमुनानं नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रभाननं तिला रुमालापासून मददगारापर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. हसावं की रडावं ते तिलाही कळेना. आधी ती पदरात तोंड लपवून हसली, मग तेच हसणं कधी हुंदक्यात गेलं ते तिचं तिलाही समजलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि फडक्याची गाठ सोडून पळी जागेवर टांगली.

"अवो," ती म्हणाली, "मेळघाटाच्याबी वरतं काय हाये?"

"तापी. मग सातपुडा आणखी. मग नर्मदामाय."

"अन तिच्या पल्याड?"

"पल्याडही मुलूख आहेच."

"तिथंबी सरकार असंल ना? सरकारले वकील लागत असंल?"

"लागत असेल."

"मंग लिहा."

चंद्रभाननं उठून दाराला आतून कडी लावली आणि दौत उघडली.