धूर सरळ गेला पाहिजे

माझ्या बायकोनं देवापुढं जेवढ्या उदबत्त्या लावल्या असतील, त्याच्या दुप्पट खिडक्यांपुढं लावल्या.

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं, तेही खिडकीचंच. डिसेंबरातली दुपार, धुकं जरा उठलेलं. मी घरामागं स्टुलावर, हातात फटी बुजवायच्या फोमचा डबा. शालन आत, काचेच्या पलीकडं, हातात उदबत्ती. चौकट आणि भिंत यांच्या मधे गवंड्यानं फट ठेवलेली असते, त्या कडेनं ती उदबत्ती फिरवायची. धूर जिथं वाकडा झाला, तिथं बांगडी काचेवर एकदा वाजवायची. मी बाहेरून तिथं फोम मारायचा. दुसऱ्या दिवशी फोम वाळला की परत उदबत्ती. धूर कुठंच वाकला नाही, तर बांगडी दोनदा. म्हणजे काम पास.

दोनदा वाजल्याशिवाय काम झालं असं तिच्या तोंडून यायचं नाही. रेल्वेच्या कारखान्यात मी फिटर होतो, जन्मभर साहेबांकडून काम पास करून घेतलं. पण हिच्याएवढा कडक साहेब भेटला नाही.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. मी सातवीत शाळा सोडली, नोकरी लागली लखनौला, आणि इथंच म्हातारा झालो. रिटायर झाल्यावर सरोजिनी नगरच्या पुढं घर बांधलं. पहिल्या थंडीतच शालन म्हणाली, "अहो, ह्या घराला भिंती कमी आणि फटी जास्त."

झालं. तेव्हापासून तिला फटीचं वेड लागलं. आधी तिनं फटीत जुनी धोतरं कोंबली. मग वर्तमानपत्र. मग तिला बाजारात तो फोमचा डबा सापडला. दुकानदाराला सांगायची, "भैया, वो फुगनेवाला डब्बा देना." तो बिचारा शिकला. ती दिसली की न विचारता डबा काढायचा.

पहिला डबा तिनं हातानं सारखा केला. भिंतीला लांबी भरतात तसा, बोटानं. ते सामान कातडीला चिकटलं की साबणाला दाद देत नाही, रॉकेलला देत नाही. तशाच काळ्यापिवळ्या बोटांनी ती मानक नगरला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली. इंजिनियरांच्या बायका बोटांकडं बघायला लागल्या. ही म्हणाली, "रोग नाहीये. खिडकी आहे." आणि तिळगूळ घेतला.

त्याच मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर हिनं उदबत्ती उचलली आणि हॉलच्या भिंतीभिंतीनं फिरायला लागली. लोक हात जोडून मागं उभे. एका आजींनी तर तिच्या पाठोपाठ चालायला सुरुवात केली. ही तिसऱ्या खिडकीपाशी थांबली आणि सेक्रेटरीला म्हणाली, "इथून सगळी हवा येते तुमची." तो म्हणाला, "वहिनी, प्रसाद घ्या."

"घेते. पण धूर खोटं बोलत नाही."

हे तिचं ठरलेलं वाक्य. डॉक्टर काही बोलला, नेता काही बोलला, मी काही बोललो, की तिला धूरच आठवायचा.

त्या डब्याची एक खोड असते. एकदा उघडला की संपवावा लागतो. ठेवला तर नळीत फोम वाळून बसतो आणि डबा मेला. मग उरलेला फोम घेऊन ही गल्लीत निघायची. "डब्बा खुला है, किसी की खिड़की है क्या?" लोक दारं लावून घ्यायचे. शेजारचे पांडेजी सरळ माणूस, त्यांनी एकदा हो म्हटलं. खिडकीत त्यांचा कूलर बसवलेला होता. हिनं कूलरच्या चारी बाजूंनी असा फोम भरला, की मे महिन्यात कूलरची जाळी बदलायची वेळ आली तेव्हा कूलर हलेना. पांडेजींनी धक्का दिला, मी दिला, शेवटी लोखंड कापायची करवत आणली. पांडेजी घामाघूम. म्हणाले, "भाभीजी, ये कूलर है कि आपका दामाद? घर में जम ही गया।"

ही म्हणाली, "पर हवा आयी क्या साइड से? वो बोलो."

नाहीच आली होती.

आमची मुलगी दिल्लीला असते. लखनौत वाढली, आमचं मराठी सगळं कळतं, पण बोलणार हिंदी. फोनवर म्हणायची, "मम्मी, फिर से फोम? पापा, आप रोकते क्यों नहीं?" मी काय रोकणार. हिला विचारलं तर एकच उत्तर, "मला गारवा सोसत नाही." बरं, गारवा सोसत नाही म्हणावं, तर ही बाई जानेवारीत गार पाण्यानं आंघोळ करायची. सुती साडीवर गच्चीत कपडे वाळत घालायची. स्वेटर दिला तर म्हणायची, टोचतो. आणि मी घरात बसलेला, कानटोपी, मफलर, वर रजई. ते बघून मला हसू यायचं. म्हटलं, म्हातारपणी डोकं जरा फिरतंच बाईचं.

माझी छाती कारखान्यातल्या धुळीनं खराब झालेली. थंडीत खोकला लागला की रात्र रात्र बसून काढायचो. पण डॉक्टरकडं चला म्हटलं की मी ओरडायचो, "मला काय झालंय?" हे माझं ठरलेलं वाक्य. तिचं धुराचं, माझं हे.

तर ती शेवटची खिडकी. आमच्या झोपायच्या खोलीची, माझ्या उशाशी. घरातली एवढी एकच राहिलेली. मागं जागा अडचणीची, म्हणून पडून होती. तिचे गुडघे गेलेले, तिला स्टुलावर चढता येईना. माझ्या गळ्याला मफलर तिनं स्वतः बांधला, असा की मान वळेना.

"अर्धीच फट भरायची," ती काचेआडून ओरडली. "इडलीचं पीठ कसं, अर्धं भांडं. फुगायला जागा ठेवा."

मी फिटर माणूस. ग्रीस भरायचं ते तोंडापर्यंत, हे हाताला लागलेलं. मी भरली गच्च. बघता बघता फोम फुगला, चौकटीतून बाहेर आला, भिंतीवर ओघळला. ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो, घराला गळवं आलीत."

"कापतो की."

"ओलं कापायचं नाही. सकाळी. वाळू दे. मग मी धूर फिरवते." आणि हसत सुटली. पदर तोंडाला लावून, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पांडे भाभी भिंतीवरून डोकावली, तिलाही दाखवलं.

संध्याकाळी पिठलं केलं. झोपली. पहाटे उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नाही. तेवढं तरी बरं.

मुलगी येईपर्यंत तिला त्याच खोलीत खाली निजवलं. पांडे भाभीनं डोक्याशी दिवा ठेवला, उदबत्ती लावली. खोलीत बायका बसलेल्या, कुणीतरी म्हणालं, हिला थंडी फार लागायची, काहीतरी पांघरा.

पांडे भाभी रडत रडत म्हणाली, "उनको कहाँ लगती थी। भाईसाहब की खाँसी के लिए भागती थीं। मुझसे कहती थीं, इनको मत बताना। बताऊँगी तो स्टूल पर चढ़ेंगे ही नहीं। कहेंगे, मुझे क्या हुआ है।"

 

मी उदबत्तीकडं बघितलं. खिडकी हातभर अंतरावर. बाहेर धुकं, वारा झोंबणारा. धूर सरळ वर चालला होता. वाकला नाही, हलला नाही, छताला जाऊन लागला.

मी उठलो. स्वयंपाकघरातून सुरी घेतली, मफलर गुंडाळला आणि मागं गेलो. पांडेजी पाठोपाठ आले. "भाईसाहब, ये क्या? अंदर चलिए।"

म्हटलं, "सुबह काटना था। उसने बोला था।"

ते स्टूल धरून उभे राहिले.

फोम चांगला वाळला होता. खालून वर, चौकटीला धरून सगळी गळवं कापून काढली. भिंतीबरोबर सपाट केली. काचेतून आत ती दिसत होती, आणि उदबत्तीचा धूर.

माझ्याकडं बांगडी नव्हती. बोटानंच काचेवर वाजवलं. दोनदा.